कालव्यातली खडखड

गुरुमूर्तींचे कान एका दिवसात गेले नाहीत. सरकारी बसच्या वर्कशॉपात उभा जन्म इंजिनांच्या तोंडाशी काढलेला. आधी पाखरांचा आवाज नाहीसा झाला, मग कुकरची शिट्टी, मग फोनची रिंग. रिटायर झाल्यावर त्यांनी राजवाड्यामागच्या गल्लीत, घराच्या ओसरीवरच पंप आणि जनरेटर दुरुस्त करायला घेतले होते. तेही दोन वर्षांपूर्वी बंद केलं. मशीन कुठे दुखतंय हे मेकॅनिकला आधी कानानं कळतं, आणि कानच नाहीत तर हात कुठे घालायचा? डॉक्टरांनी दिलेलं कानातलं यंत्र घरात थोडंफार चाले, पण इंजिनाशेजारी गेलं की सगळा नुसता कल्लोळ.

काम बंद झालं तसं बोलणंही आटलं. त्यांची बायको वासुकी टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. एका कानाला हेडफोन लावून, खरखरणाऱ्या लाइनीवरून दूर गावचा माणूस काय म्हणतोय ते ती नेमकं पकडायची. घरी मात्र तिला एकेक गोष्ट तीनदा ओरडून सांगावी लागे, आणि ओरडून सांगितलेल्या गोष्टीत गंमत राहत नाही. मग ती जेवायला चला, औषध घेतलंत का, एवढंच बोलू लागली. भांडण काही नव्हतं. घरात नुसती शांतता होती.

अशात एके सकाळी गोपालकृष्ण दारात आला. गावातून जाणाऱ्या कालव्याला, पुदु आरुला, त्या साली जलपर्णीनं वेढलं होतं. ती काढायचं कंत्राट त्याचं. लोखंडी, सपाट बुडाची त्याची होडी पुढच्या दाताळ्यानं जलपर्णीचे ढीग ढकलत काठाला आणी, आणि तिथून यंत्र ते उचलून टाकी.

"अण्णा, गिअरबॉक्स बोंबलतोय," तो तमिळमध्ये मोठ्यानं म्हणाला. "दोन मेकॅनिकांनी बघितला. दोघंही म्हणतात गेला, नवा मागवा. नवा केरळातून यायचा. तोवर पुलाखाली सगळं तुंबून बसेल. खाली पेरावुरणीकडची माणसं पाण्याची वाट बघतायत, रोज फोन करतात."

गुरुमूर्तींनी हात जोडले. "मला ऐकू येत नाही, तंबी. आवाजाचं काम माझ्याकडून होणार नाही."

स्वयंपाकघराच्या दारातून वासुकी बाहेर आली. हातात कॉफीचा डवरा, पसरट वाटीतला पेला, होता. तो गोपालकृष्णासमोर ठेवून ती नवऱ्याच्या समोर, त्यांना तोंड दिसेल अशी उभी राहिली आणि पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहूनही घरात जपलेल्या मराठीत म्हणाली, "मी येतें तुमच्याबरोबर. काय ऐकायचं तें तुम्ही सांगा, मी ऐकतें."

गुरुमूर्ती तिच्याकडे बघतच राहिले. "तुला काय कळतं गिअरबॉक्समधलं?"

"गिअरबॉक्समधलं नाही कळत. ऐकण्यातलं कळतं."

गुरुमूर्तींनी खाटेखालून हत्यारांची पेटी ओढली.

होडी पुलाच्या अलीकडे काठाला बांधलेली होती. वासुकीनं साडीचा पदर खोचला आणि गोपालकृष्णाचा हात धरून आत उतरली. गुरुमूर्तींनी इंजिनावरची फळी काढली, लांब स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला आणि मूठ कानामागच्या हाडाला कशी टेकवायची ते दाखवलं. टोक लोखंडाला, मूठ हाडाला. इंजिन चालू असताना बोलणं शक्य नव्हतं, म्हणून खुणा ठरवल्या. तळवा वर केला तर आवाज मोठा, खाली आणला तर बारीक, मूठ मिटली तर बंद.

गोपालकृष्णानं इंजिन सुरू करून गिअर टाकला. होडी थरथरू लागली. वासुकीनं डोळे मिटले. गुरुमूर्ती तिच्या तळव्याकडे बघत होते, आणि त्यांचा स्वतःचा पंजा गिअरबॉक्सच्या मागच्या टोकावर होता. तिथे त्यांना थरथर लागली, चांगली जोरकस. मागचं बेअरिंग, त्यांच्या मनात आलं. झालं, ते दोघं बरोबर होते.

त्यांनी इंजिन बंद करवलं. "मागे आहे ना? घरघर?"

वासुकीनं मान हलवली. "मागे कांहीच नाही. जो आवाज आहे तो पुढे आहे, इंजिन लागतं तिथे. आणि घरघर नाहीच ती. पितळेच्या डब्यात चिंचोके घालून कोणी हलवावे तसं खडखडतं."

"मला मागे हाताला लागतंय."

"तुमच्या हाताला लागत असेल. माझ्या कानाला तिथे कांही लागत नाही."

चाळीस वर्षांत गुरुमूर्तींनी आपल्या हातावर कधी संशय घेतला नव्हता. त्यांनी पुन्हा इंजिन सुरू करायला सांगितलं आणि गोपालकृष्णाला खूण केली, वेग वाढव. वेग वाढला तसा वासुकीचा तळवा खाली खाली आला आणि मूठ मिटली. वेग उतरवला, तळवा वर गेला. गिअर टाकला, तळवा अर्ध्यावर येऊन हलू लागला. मुद्दाम चारदा करून पाहिलं. तिचा हात एकदाही चुकला नाही. मागच्या टोकाला ती स्क्रूड्रायव्हर टेकवून आली, तेव्हा मूठ मिटलेली ती मिटलेलीच.

बेअरिंग गेलं असतं तर वेग वाढवल्यावर आवाज वाढला असता. हे गुरुमूर्तींना पाठ होतं. तरी खात्री हवी म्हणून त्यांनी गिअरबॉक्सचं तेल थोडं ताटलीत काढलं आणि बोटांत चोळलं. तेल मऊ होतं, लोखंडाचा कण नाही. लोहचुंबक फिरवला, त्यालाही काही चिकटलं नाही. मग त्यांनी पाण्यातल्या पंख्याकडे जाणारा मागचा दांडा सोडवून बाजूला केला आणि इंजिन मोकळं चालवलं. खडखड चालूच, पण त्यांच्या हाताखालची थरथर गेली.

ते हसायला लागले. "दोन वेगवेगळी दुखणी आहेत गं! माझा हातही खरा, तुझा कानही खरा. दांडा किंचित तिरका बसलाय, ती माझी थरथर. आणि खडखड गिअरबॉक्सची नाहीच मुळी. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे एक ताटलीसारखी प्लेट असते, धक्के खायला तिला स्प्रिंगा असतात. त्या तुटल्यात."

गोपालकृष्णाला त्यांनी हे तमिळमध्ये सांगितलं. त्यानं आकाशाकडे बघून हात जोडले.

दुपारपर्यंत त्यांनी गिअरबॉक्स सोडवून मागे सरकवला. उन्हानं लोखंड तापलं होतं. वासुकी छत्री धरून बसली होती आणि वर पुलावर जमलेली माणसं काय काय सल्ले देतायत ते त्यांना सांगत होती. प्लेट बाहेर आली, तेव्हा तिच्या तीन स्प्रिंगा तुटलेल्या होत्या आणि एकीचा तुकडा घरंगळत कव्हरच्या तळाशी पडलेला होता. गुरुमूर्तींनी तो उचलून वासुकीच्या ओंजळीत ठेवला.

"हा बघ तुझा चिंचोका."

जुन्या वर्कशॉपातला त्यांचा सोबती मुरलीकृष्ण ट्रॅक्टरच्या क्लचप्लेटा दुरुस्त करतो. त्यानं हातातलं काम बाजूला ठेवून त्याच मापाच्या नव्या स्प्रिंगा बसवून दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी प्लेट जागेवर गेली. मागचा दांडा गुरुमूर्तींनी सावकाश, पातळ पट्ट्या घालून घालून सरळ केला. ते काम सगळं हाताचं होतं. तिथे त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही.

इंजिन सुरू झालं. वासुकीनं पुढे टेकवलं, मागे टेकवलं, मधे टेकवलं. प्रत्येक ठिकाणी मूठ मिटलेली. गुरुमूर्तींचा पंजाही कव्हरवर निवांत पडून होता. गोपालकृष्णानं होडी सोडली आणि दाताळ्यानं जलपर्णीच्या गादीला धडक दिली. थोड्या वेळात ती फाटली, आणि पुलाखालून पाणी धडधडत निघालं. गोपालकृष्णानं इंजिन बंद केलं, आणि पुलावरची माणसं ओरडू लागली.

"काय म्हणतात?" गुरुमूर्तींनी विचारलं.

वासुकी त्यांच्याकडे वळून बसली. "एक म्हातारा म्हणतो, आता माझ्या पेरावुरणीच्या मेहुण्याला फोन करा, बांध नीट कर म्हणावं, पाणी निघालं. आणि एक पोरगी म्हणते, त्या छत्रीवाल्या अम्मांनी जादू केली."

नवराबायकोत आभार मानायची रीत त्यांच्या घरात कधी नव्हती. तरी गुरुमूर्ती म्हणाले, "दोन वर्षं मी उगीच भिंतीकडे बघत बसलों. तू शेजारीच होतीस. तुला विचारावं हें सुचलंच नाही मला. आज तू आलीस म्हणून मी पुन्हा कामाला हात लावला. तुझे उपकार आहेत हे, वासुकी."

वासुकीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पदरानं टिपलं. "उपकार कसले? दोन दिवस तुम्ही माझं सगळं ऐकलंत. मलाही किती दिवसांनी कोणाला कांही सांगायला मिळालं."

गोपालकृष्णानं काठावर उतरवताना दोघांनाही वाकून नमस्कार केला. गिअरबॉक्स वाचल्याची बातमी त्यानंच गावभर केली असावी, कारण पुढच्याच आठवड्यात तिरुवैयारुच्या एका भातगिरणीचा मालक दारात आला. त्याच्या गिरणीचा पट्टा सुरू होताना किंचाळतो, कुणाला कारण सापडत नाही, येऊन बघाल का, असं तो विचारत होता.

गुरुमूर्तींनी त्याला बसायला सांगितलं आणि आत वळून हाक मारली, "वासुकी, गुरुवारी जमेल का गं तुला?"