हळदीपाशी थांबलेली कादंबरी

अन्याय माझ्या आत्यावर झाला. गेल्या वर्षी, भाताची झोडणी उरकली त्याच आठवड्यात, मंगळवारी सकाळी दहा वाजता, पौडच्या एसटी स्टँडवर. करणारी मी. एरवी मी दुसऱ्यांकडे बोट दाखवते, म्हणून हे आधीच लिहून टाकते.

आत्या साठीच्या पुढची, धनगरवाड्यावर राहते. शाळा चौथीपर्यंत. तिनं मेंढरं राखली, सूसला बिल्डिंगांवर विटा वाहिल्या, रिह्याच्या एका फार्महाऊसवर दहा वर्षं भाकऱ्या थापल्या. गुडघ्यांनी दगा दिल्यावर ते काम सोडून मंगळवारी स्टँडवर घेवडा विकायला लागली. उरलेले सहा दिवस कादंबरी लिहायची. कागद माझे, मोर्च्यातून उरलेली पत्रकं. पुढे छापलेलं ‘रस्ता आमच्या हक्काचा’, मागे तिची तिरकी, बारीक अक्षरं.

आयुष्यात आलेलं सगळं तिथं यायचं, पण तिच्या मर्जीनं. सूसचा मुकादम तिनं मुका करून टाकला होता.

“का गं?” मी विचारलं.

“लई बोलायचा मेला. आता बोल म्हनावं!”

फार्महाऊसच्या बाईंना तिनं अनवाणी मेंढरांमागं पाठवलं होतं. ते वाचून दाखवताना स्वतःच एवढी हसायची की पुढचं ऐकूच यायचं नाही.

आणि तिची मुलगी. ती सात वर्षांची असताना तापानं गेली, माझ्या जन्माच्या आधी. झोळीत घालून डोंगर उतरत होते, डांबरी रस्ता यायच्या आतच संपली. कादंबरीत झोळी डांबरीला लागते. जीप मिळते. पोर वाचते, मोठी होते, आईशी भांडते, कचेरीत ‘सही झाल्याशिवाय उठायची नाही’ म्हणून फतकल मारून बसते.

मी चिडले. “आत्या, हे खोटं आहे. रस्ता नव्हता म्हणून ती गेली, हे लोकांना कळू दे की!”

“खरं मला ठाव हाय. त्येला कागुद कशाला नासू?”

मला ती पळवाट वाटली. मी पत्रकांवर वाढलेली. वाक्य खरं असावं आणि वर्मी लागावं, एवढंच मला येतं. झोळीचं पान मी गुपचूप घरी नेलं. शब्द तिचेच ठेवले. शेवट तेवढा दुरुस्त केला आणि पत्रक म्हणून छापून आणलं. तिला विचारलं नाही. पत्रकं वाटताना पोरीची आई कोण, हे सगळ्यांना तोंडानं सांगत सुटले.

स्टँडवर ती टोपली घेऊन बसली होती. गिऱ्हाइकाच्या हातातलं पत्रक तिनं मागून घेतलं. ओळीवर बोट ठेवून शेवटपर्यंत वाचलं. मग मला हाक मारली.

“मी हिचं लगीन जुळवत व्हते गं. हळद तेवढी लावायची ऱ्हायलीया. आन तू पुऱ्या तालुक्यात तिला मेली म्हनून वाटलीस.”

“आत्या, रस्त्यासाठी केलं गं...”

“व्हय. रस्ता व्हईल. पर तिला आता कुटं जायाचंय?”

रस्ता झालेला नाही. ओढ्याच्या अलीकडे खडी पडून आहे. आत्यानं पानं लुगड्याच्या फडक्यात बांधून पत्र्याच्या पेटीत ठेवली. मी नवी कोरी वही नेऊन दिली, तिच्यात ती मिरचीचं बी ठेवते. माझ्यावर ती रागावलेली नाही. मी गेले की चहा टाकते, जेवून जा म्हणते. त्यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती पानं मी नंतर पुन्हा वाचली, तिला विचारून. कचेरीत बसणारी ती पोर माझ्यासारखी बोलते. ‘सही झाल्याशिवाय’ हे माझंच पालुपद. सात वर्षांच्या लेकीचा मोठेपणीचा आवाज आत्या कुठून आणणार होती? तिनं माझा घेतला होता. मी चिडून वाचत होते, मला तो ओळखूसुद्धा आला नाही.

पत्रक वाचलेली माणसं अजून टोपलीपाशी थांबतात. “तुमचीच का हो ती?” विचारतात, हळहळतात. आत्या मान हलवते आणि घेवडा तोलते.

तुमच्या घरात ते पत्रक असेल तर आज चुलीत घाला. मंगळवारी पौडला याल तेव्हा तिच्यापुढे हळहळू नका. तिला विचारा, “आत्या, पोरीची हळद कधी हाय?” आणि ती तारीख सांगेपर्यंत तिथून उठू नका.