स्टॅकरला चालत नाही

दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियात माझं यंत्रांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. फोर्कलिफ्ट, ट्रेलर, क्रेन आणि बंदरावर कंटेनर उचलून एकावर एक रचणारं ते स्टॅकर नावाचं धूड, या सगळ्यांचे फिल्टर, सील, बेअरिंग माझ्याकडे मिळतात. माझं शिक्षण आयटीआयपर्यंत. बाकीचं सगळं गिऱ्हाइकांशी भांडून शिकलो. आमच्या रस्त्यावर माझ्याइतकी चिवट घासाघीस करणारा दुसरा नाही, हे माझ्याशी ज्यांचं पटत नाही तेही कबूल करतील.

दुकान काढण्याआधी मी इथल्याच एका मोठ्या फर्ममध्ये स्टोअरकीपर होतो. तिचं नाव घेत नाही, घेतलं की दिवस खराब जातो. तिथं कॉम्प्युटरवर प्रत्येक मालापुढं वर्णनाचा रकाना होता. लोक त्यात नाव आणि माप लिहून मोकळे व्हायचे. मी पुढं आणखी एक गोष्ट लिहायचो: हा माल कुठं लावायचा नाही. आमच्या धंद्यात खरं नुकसान तिथंच होतं. दोन फिल्टर बाहेरून जुळे भाऊ दिसतात. उंची तीच, आटे तेच, रंगही तोच. पण आतली व्हॉल्व्ह वेगळ्या दाबाला उघडते. चुकीचा बसवला तरी बसतो, मशीन चालूही होतं, आणि मग ऐन कामात मान टाकतं. म्हणून मी इंग्रजीत, सगळ्यांना वाचता येईल असं लिहायचो, ‘नॉट फॉर स्टॅकर’. काउंटरवर केरळचा असो, नेपाळचा असो की मनिलाचा, त्याला एवढं तर कळतं.

मग फर्ममध्ये नवीन सिस्टीम आली. मॅनेजर म्हणाला, वर्णनाचा रकाना म्हणजे निबंधाची वही नव्हे. माझ्या सगळ्या सूचना पुसल्या गेल्या. थोड्याच दिवसांत एक फोर्कलिफ्टचा फिल्टर स्टॅकरवर गेला, मशीन बसलं, आणि मेमो कोणाच्या हातात पडला? माझ्या. स्टोअरकीपर तूच ना, म्हणाले. मी तो मेमो टेबलावर ठेवला, वर राजीनामा ठेवला आणि निघालो. राग कमी झालेला नाही. कमी करायची मला गरजही वाटत नाही.

स्वतःचं दुकान काढल्यावर पहिली गोष्ट केली ती ही, की वर्णनाचा रकाना लांब ठेवला आणि त्यात मनसोक्त लिहिलं. मालाची सगळी यादी डेटाबेसमध्ये घातली. शोधायची सोयही मीच केली. शब्दाच्या आगेमागे टक्क्याचं चिन्ह लावलं की त्या रकान्यात ती अक्षरं जिथं कुठं असतील ती ओळ वर येते, एवढं मला एका मित्रानं शिकवलं होतं. सुरुवातीला मजा वाटली. मग माल वाढला. ‘रिंग’ शोधावी तर स्प्रिंग येई, बेअरिंग येई, स्टिअरिंग येई. यंत्र अक्षरं बघत होतं, शब्द नव्हे. गिऱ्हाईक समोर उभं आणि माझा माणूस पानंच्या पानं खाली सरकवतोय.

तेव्हा अल गराफात राहणाऱ्या एका मराठी बाईंचा नंबर मिळाला. मूळच्या नाशिकच्या. नवरा गॅसच्या कंपनीत, या घरून सॉफ्टवेअरची कामं करत. पहिल्या भेटीत त्यांनी किंमत सांगितली. मी निम्मी सांगितली.

“काका, तुम्ही कोथिंबीर घ्यायला आलात का?”

“ताई, कोथिंबिरीवर मी घासाघीस करत नाही. ती फुकट मागतो.”

त्या हसल्या, पण किंमत फार उतरवली नाही. त्या बाबतीत मी त्यांना मानतो. काम मात्र चोख केलं. आता यंत्र शब्द पूर्ण बघायचं. रकान्यातल्या प्रत्येक शब्दाची त्यांनी अनुक्रमणिका बनवली, पुस्तकाच्या शेवटी असते तशी. विचारलेले शब्द ज्या ओळीत जास्त वेळा आलेले, ती ओळ वर. शब्द उलटसुलट टाकले तरी चालतील. रिंग मागितली की रिंगच. मी खूश होतो.

त्याच सुमाराला हमद पोर्टवर यंत्रांची देखभाल करणाऱ्या एका ठेकेदाराचा खरेदी बघणारा माणूस दुकानात आला. केरळचा, पांढऱ्या मिशांचा, कमी बोलणारा. त्यांचा सगळा माल त्या माझ्या जुन्या फर्ममधून जात होता. तो पुरवठा मला मिळाला असता, तर माझं दुकान रस्त्यावरच्या दुकानातून बंदराचं दुकान झालं असतं. आणि कोणाच्या हातून तो सुटला असता, ते वेगळं सांगायला नको.

मी चहा मागवला आणि बोलायला सुरुवात केली. त्यानं हात वर केला.

“तुम नहीं बोलेगा. तुम्हारा आदमी बोलेगा.”

“क्यों?”

“तुम को सब मुँहजबानी मालूम है. तुम गाँव जाएगा, तब मेरा मशीन कौन देखेगा?”

माझा काउंटरवरचा माणूस नेपाळचा, नुकताच लागलेला. त्यानं टाइप केलं: हायड्रॉलिक, फिल्टर, स्टॅकर. यादी आली. त्यानं सगळ्यात वरच्या ओळीचा कप्पा नंबर बघितला, आत गेला, फिल्टर घेऊन आला. खरेदीवाल्यानं तो हातात फिरवला, खालचा नंबर वाचला आणि काउंटरवर उभा ठेवला.

“ये फोर्कलिफ्ट का है.”

मी स्क्रीनकडं वळलो. सगळ्यात वर माझीच ओळ होती. हायड्रॉलिक फिल्टर, फोर्कलिफ्ट, आणि पुढं स्क्रीनच्या कडेला कापली गेलेली माझी इंग्रजीतली सूचना, जिचा अर्थ: स्टॅकरला नाही, स्टॅकरचा फिल्टर वेगळा, स्टॅकरवर लावू नये. खरा स्टॅकरचा फिल्टर तिसरा होता.

“पुराना वाला भी मुझे यही देता था,” तो शांतपणे म्हणाला. “फिर बदली क्यों करूँ?”

आयुष्यात मला पुष्कळ शिव्या खाव्या लागल्या आहेत. एकही एवढी लागली नव्हती. त्या फर्मच्या पंक्तीत मला बसवलं! मी काही बोललो असतो तर संपलंच असतं, म्हणून दात आवळून एवढंच म्हणालो, “गुरुवार को आओ.” तो म्हणाला, “इन्शाल्ला.” इथं त्याचा अर्थ हो पण होतो आणि नाही पण, सगळं तोंडाकडं बघून ओळखायचं असतं. त्याचं तोंड कोरं होतं.

तो गेल्यावर मी अल गराफाला फोन लावला. फोन त्यांच्या मुलीनं उचलला. माझा आवाज ऐकून तिनं आत हाक मारली, “आई, दॅट शाउटिंग अंकल!”

ताईंनी माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “काका, ती ओळ मला वाचून दाखवा.” मी वाचली. “स्टॅकर हा शब्द किती वेळा आला?”

“तीनदा. तीनदा नाही लिहिलं तर ह्यांच्या डोक्यात शिरत नाही.”

“आणि खऱ्या फिल्टरच्या ओळीत?”

तिथं एकदाच होता. 

“पण मी ‘नॉट’ लिहिलंय ना!”

“नॉट, फॉर, ऑफ, असले शब्द यंत्र अनुक्रमणिकेत घेतच नाही. ते सगळीकडं असतात, शोधायला निरुपयोगी. आणि घेतलं असतं तरी तो आणखी एक शब्द एवढंच. यंत्र शब्द जुळवतं काका, वाक्य वाचत नाही.”

म्हणजे मी जितकं ओरडून सांगत होतो की हा स्टॅकरला लावू नका, तितकं ते यंत्र त्याला स्टॅकरच्या जवळ नेऊन बसवत होतं. आणि माझ्या ओळीतला सगळ्यात महत्त्वाचा शब्द त्याच्या लेखी केर होता.

“मग काय, सूचना काढून टाकू?” मी विचारलं.

“वर्णनातून काढा. हो.”

माझं डोकं फिरलं. हेच वाक्य मी पूर्वी एकदा ऐकलं होतं. मी म्हणालो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यांनी फोन ठेवला नाही, त्याचं श्रेय त्यांना दिलं पाहिजे. मी थांबलो तेव्हा म्हणाल्या, “झालं? आता उद्या घरी या. आणि ओरडायचं असेल तर गाडीत ओरडून मग बेल वाजवा.”

दुसऱ्या दिवशी त्यांच्या हॉलमध्ये आम्ही पोह्यांच्या बशा बाजूला सारून बसलो. त्यांचं म्हणणं सरळ होतं. सूचना पुसायच्या नाहीत, वेगळ्या रकान्यात हलवायच्या: ‘कुठं चालत नाही’. शोध घेताना शब्द वर्णनात जुळवायचे. तोच शब्द जर या दुसऱ्या रकान्यात सापडला, तर तो माल यादीतून बाद. माझी सूचना आता शोभेची राहणार नव्हती, तीच चुकीच्या मालाला दाराबाहेर काढणार होती.

मला ते पटलं. पण पूर्ण नाही.

“बाद नाही करायचा,” मी म्हणालो. “खाली दाखवायचा. लाल अक्षरात, कारणासकट.”

“कशाला? यादी विनाकारण लांब होते. जे चालत नाही ते माणसाला दाखवायचंच कशाला?”

“ताई, तुम्ही काउंटरवर उभ्या राहिलेल्या नाहीत. गिऱ्हाईक जुना फिल्टर हातात घेऊन येतं. कोणीतरी आधी चुकीचा बसवलेला असतो, तोच घेऊन येतं आणि म्हणतं हाच पाहिजे. माझ्या पोरानं तो यादीत बघितलाच नाही तर म्हणेल, हा आमच्याकडं नाही. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल आणि तिथं त्याला तो मिळेल. खाली लाल दिसला तर पोरगा म्हणेल, आहे, पण देणार नाही, का ते वाच.”

त्यांनी कागदावर काहीतरी हिशेब मांडला. “याचं काम जास्त आहे,” म्हणाल्या.

“माहीत होतं मला, इथंच येणार तुम्ही.”

आमची अर्धी दुपार त्यात गेली. शेवटी त्या म्हणाल्या, “खलास काका, माझं डोकं दुखायला लागलं.” ज्या आकड्यावर दोघांनाही थोडं थोडं लुटल्यासारखं वाटतं तिथं आम्ही थांबलो. पुढचे दिवस मी स्वतः बसून एकेक ओळ फोडली, मालाचं वर्णन इकडं, मनाई तिकडं. ते काम मी दुसऱ्या कोणाला दिलं नाही.

गुरुवारी मिशीवाला खरंच आला, आणि येताना बंदरावरचा एक फोरमन घेऊन आला. कोणी न सांगताच मी काउंटरपासून लांब खुर्ची घेतली. फोरमननं मुद्दाम शब्द उलटे सांगितले. स्टॅकरचा फिल्टर पहिला आला. खाली लाल अक्षरात फोर्कलिफ्टचा: स्टॅकरला चालत नाही, आतली व्हॉल्व्ह वेगळ्या दाबाची. माझ्या माणसानं ते मोठ्यानं वाचलं. मग फोरमननं क्रेनचं सील विचारलं, ट्रेलरची रिंग विचारली. मिशीवाला आता वरच्या ओळी बघतच नव्हता. तो खालच्या लाल ओळी वाचत होता.

“ये कौन लिखा?”

“मैंने.”

“ये वाला गलत है,” फोरमन मध्येच म्हणाला. एका सीलवर बोट ठेवून. “हम लगाया, चलता है.”

“नहीं चलता!” मी उठलोच. “दो दिन में तेल फेंकेगा!”

“नया मॉडल में चलता है, सेठ. तुम पुराना देखा होगा.”

आम्ही चांगलेच भांडलो. सील काढलं, माप घ्यायला कॅलिपर लावला, त्यानं फोनवर त्याच्या यार्डातला फोटो दाखवला. नव्या मॉडेलमध्ये, सील ज्यावर बसतं तो दांडाच बदललेला होता. मी माझ्या माणसाला सांगितलं, लिही, जुन्या मॉडेलला चालत नाही. सगळ्यांसमोर, तिथल्या तिथं. मिशीवाला पहिल्यांदा हसला. म्हणाला, जुन्या ठिकाणी चूक दाखवली की तिथं आधी मीटिंग होते.

त्यानं फिल्टर आणि सील मला दिले. होज, म्हणजे तेलाच्या रबरी नळ्या, आणि बेअरिंग अजून त्या फर्मकडंच ठेवले. मी म्हणालो, सगळं द्या. तो म्हणाला, “यल्ला, चलो, पहले इतना तो संभालो.” मग दरांवर बसलो. मी एका ठिकाणी मुद्दाम उतरलो, आणि त्या बदल्यात एक अट घातली: बंदरावर कुठलाही भाग बसला नाही, कोणाच्याही दुकानातून आलेला असो, तुमच्या फोरमननं मला फोन करून सांगायचं. त्याला वाटलं ही अट म्हणजे काहीच नाही. लगेच हो म्हणाला.

फोरमन बोलका माणूस निघाला. पहिलाच फोन एका होजबद्दल आला, त्या फर्ममधून गेलेल्या. कुठल्या मशीनवर, कुठं घासली, केव्हा फुटली, सगळं त्यानं सांगितलं. मी माझ्या माणसाला हाक मारली आणि मी सांगेन तसं लाल रकान्यात टाइप करायला लावलं. होज अजून मी त्या बंदराला विकत नाही. विकीन तेव्हा कुठली कुठं चालत नाही, हे मला माझ्या जुन्या मॅनेजरपेक्षा जास्त माहीत असेल.