विमानातली दस्ती

नमस्कार मंडळी. आधीच सांगून ठेवते, मी विज्ञानाची बाई. म्हणजे शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलं मी. लिंबू कापल्यावर लाल कसं होतं, हे दरवर्षी सातवीच्या पोरींना करून दाखवायची आणि वर दम द्यायची, "उद्या कोणी बुवा असं करून दाखवेल, तर हात जोडायचे नाहीत. सुरीला काय लावलं ते विचारायचं!" या कॉलममधले अनुभव वाचून मी आजवर हसतच आले. आता मीच लिहायला बसलेय... हसा खुशाल, पण शेवटपर्यंत वाचा.

मी अमरावतीला राजापेठेत राहते, मुलगा मंगेश आणि सुनेजवळ. मुलगी पल्लवी कॅनडात. तिचं पहिलं बाळंतपण आलं होतं आणि बीपी चढत होतं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, कदाचित दिवस भरायच्या आधीच ऑपरेशन करावं लागेल. तिच्या सासूबाई इकडे अंथरुणाला खिळलेल्या. जावईबापूंना सुट्टी नाही. पोरगी फोनवर एवढंच म्हणायची, "आई, तू ये फक्त."

जायला मी एका पायावर तयार होते. पण तो पायच नाठाळ ना! वर्षभरापूर्वी डाव्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. आमच्या डॉक्टरांनी घट्ट मोजे दिले, गोळ्या दिल्या आणि बजावलं, "सलग बसून राहायचं नाही. कडेची सीट घ्या, उठून फिरत राहा. पाय सुजवून तिथे उतरलात, तर लेकीचं बाळंतपण कोण करणार आणि तुमचं कोण?"

आता तिकिटाचा तमाशा ऐका. मंगेशने लॅपटॉपवर दोन तिकिटं दाखवली. एक महागातलं, पाय पसरायला जागा, कडेची सीट पक्की. दुसरं स्वस्तातलं, मध्ये विमान बदला, सीट कंपनी देईल ती. कडेची हवी तर वेगळे पैसे! मी बाळंतविड्यासाठी पैसे जमवून ठेवलेले. बाळाच्या बिंदल्या, पल्लवीची पैठणी... ते सीटवर उडवायचे?

"बसाचंच हाये ना?" मी म्हटलं. "तिथं काय झोके घ्याचे हायेत? एसटीत सीटचे वेगळे पैसे देल्ले का कधी आपण?"

"आई, काहून जिद्द करून राहिली? मी भरतो ना पैसे!"

"तुह्या पैशाले काय पंख फुटले? घे ते स्वस्तातलं."

मंगेश चिडला आणि बोलून गेला, "एसटीत तुह्यासाठी दस्ती टाकाले बाबा होते. विमानात कोण येणार हाये जागा धराले?"

सुनेने चहा आणून ठेवला, तो तसाच निवला. तिकीट मात्र स्वस्तातलंच निघालं. माझी जिद्द म्हणजे जिद्द.

दस्तीचं सांगायला हवं. आमच्याकडे हातरुमालाला दस्ती म्हणतात. माझं माहेर अकोला, त्यामुळे अमरावती-अकोला एसटी म्हणजे आमचं दुसरं घर. बस फलाटावर लागायच्या आधीच आमचे हे तिच्यासोबत पळायचे, खिडकीतून हात घालायचे आणि सीटवर दस्ती टाकायचे. पांढरी, निळ्या काठाची. झाली जागा आपली! मला बस लागायची म्हणून दस्तीच्या एका टोकाला लवंगा बांधलेल्या असायच्या. हे डावखुरे, त्यामुळे ती गाठही उलटी पडायची. मी सोडायला गेले की हमखास आणखी घट्ट व्हायची, मग हे हसायचे आणि स्वतः सोडून द्यायचे. कोणी त्या सीटवर बसू लागलं, की यांचं एकच वाक्य ठरलेलं, "भाऊ, जागा धरली हाये, ती येऊन राहिली." चारचौघांत बायकोचं नाव घ्यायचं नाही ना! मी चढून ऐटीत बसायची आणि हे मूर्तिजापूरपर्यंत दांडी धरून उभे.

हे जाऊन तीन वर्षं झाली. तेरवीला यांचे सगळे कपडे आम्ही देऊन टाकले, दस्त्यांसकट. हे लक्षात ठेवा.

तर निघाले मी. मुंबईहून आखाती देशापर्यंतच्या विमानात मला मिळाली मधली सीट. इकडे एक धिप्पाड गृहस्थ, तिकडे दुसरे, मध्ये मी, सँडविचमधल्या काकडीसारखी. पलीकडच्या रांगेत कडेची सीट रिकामी दिसली आणि माझ्यातली वऱ्हाडी बाई जागी झाली. पर्समधून माझी गुलाबी फुलाफुलांची दस्ती काढली, हात लांबवून त्या सीटवर टाकली आणि निवांत झाले. म्हटलं, दारं लागली की सरकू तिकडे.

हवाईसुंदरी आली. चिमटीत दस्ती उचलून म्हणाली, "मॅडम, ही तुमची का?" मी हो म्हटलं. तिने ती माझ्या मांडीवर ठेवली, "इथे असं चालत नाही, मॅडम." मागून कोणीतरी खुदकन हसलं. त्या सीटवर एक पोरगा येऊन बसला, कानात बोंडं घालून. मी मनात म्हटलं, हे विमानवाले अकोल्याच्या स्टँडवर एक दिवस टिकायचे नाहीत!

पण उतरताना पायात कळ आली. मोजा खाली करून पाहिला, तर घोट्यापाशी सूज. तेव्हा मात्र माझी टरकली. खरा लांबचा प्रवास तर पुढेच होता आणि पुढच्या तिकिटावरही मधलीच सीट. काउंटरवर विनवणी केली. ती मुलगी गोड हसून म्हणाली, विमान फुल्ल आहे. स्वतःवर इतका राग आला की काय सांगू! पैठणी काय चाटायची आहे पोरीला? तिला आई हवी होती, चालती-फिरती. बाकावर बसून मी मुकाट्याने डोळे पुसले.

सकाळी बोर्डिंग सुरू झालं. गर्दीसोबत लंगडत मी विमानात शिरले. शेपटाकडे माझी रांग शोधत होते, तेवढ्यात आवाज आला...

"काकू, इकडं या ना! तुमची जागा धरली हाये."

विमानात, परदेशात, वऱ्हाडी! पाहिलं तर खिडकीपाशी एक पन्नाशीचे गृहस्थ. नंतर कळलं, नईमभाई, अकोल्यात कापडाचं दुकान, टोरँटोला भावाकडे निघालेले. त्यांच्या शेजारची कडेची सीट रिकामी होती आणि तिच्यावर एक दस्ती ठेवलेली होती.

पांढरी. निळ्या काठाची. एका टोकाला गाठ.

मी म्हटलं, "भाऊ, माही सीट नाही हे. तिकडं मधात हाये माही."

"अहो, ते चाचा टाकून गेले ना आत्ता! मले म्हणे, भाऊ, जागा धरली हाये, ती येऊन राहिली. तुमी आपल्याकडल्या दिसल्या, लंगडत येऊन राहिल्या, मी समजलो तुमीच असान."

मी वळून पुढे पाहिलं. "कोण चाचा? कुठं गेले?"

"पुढं गेले. मले वाटलं, तुमालेच आणाले गेले. पांढरा शर्ट होता, साठी-पासष्टीचे. चेहरा काही नीट पायला नाही बुवा, मी बॅग चढवत होतो."

मागचे लोक ढकलू लागले म्हणून मी बसले. टेकले म्हणा. हवाईसुंदरी आली तेव्हा वाटलं, आता उठवणार. तिने हातातल्या मशीनवर पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाली, या सीटचे प्रवासी आलेच नाहीत, दार बंद झालंय, तुम्ही बसू शकता. दस्तीकडे तिने पाहिलंही नाही.

आता सांगा, मी काय करावं? देवाचं नाव घेत बसणाऱ्यांतली मी नाही. विमान वर गेलं, पट्ट्याचा दिवा विझला आणि मी उठले ती थेट शोधायला. पांढऱ्या शर्टातला साठी-पासष्टीचा माणूस विमानातून जाणार कुठे? पहिल्यांदा या बाजूने गेले, त्या बाजूने आले. एकेक चेहरा न्याहाळला. लोक म्हणत असतील, म्हातारीचं काय हरवलं? झोपलेल्यांची पांघरुणं सरकायची वाट पाहिली. संडासाच्या दाराशी उभी राहून बाहेर येणारे पाहिले. थोडं बसायची, पुन्हा उठायची... कदाचित मघाशी नजरेतून सुटले असतील. पांढऱ्या शर्टाचे निघाले काही. एक सरदारजी होते, एक गोरे आजोबा. त्यांतलं कोणी दस्तीवालं वाटेना. नईमभाई म्हणाले, "काकू, तुमी तर पायी पायीच कॅनडाले जाता वाटते!"

टोरँटोला उतरले तेव्हा लक्षात आलं... पायाची सूज उतरली होती. डॉक्टरांनी सांगितलं त्याहून कितीतरी जास्त मी चालले होते. मधल्या सीटवरून दर वेळी दुसऱ्याला उठवून एवढं फिरणं मला जमलंच नसतं.

दोनच दिवसांनी पल्लवीला अॅडमिट करावं लागलं. ऑपरेशन झालं, मुलगी झाली, दोघी सुखरूप. रात्रंदिवस मी उभी होते, माझ्या दोन्ही पायांवर.

दस्ती पर्समध्ये तशीच होती. दवाखान्यातून पल्लवीच्या घरी आल्यावर मी काही न सांगता ती पल्लवीच्या हातात दिली. म्हटलं, गाठ सोड पाहू. ती सोडू लागली, तर आणखीच घट्ट झाली. पोरीने गाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "आई, ही बाबांची दस्ती तू कुठून आणली?" तिने उलट्या बाजूने ओढून गाठ सोडली. आत लवंगा होत्या. वास अगदी ताजा. आम्ही मायलेकी बाळाला मध्ये घेऊन खूप रडलो.

रडून झालं आणि माझ्यातली विज्ञानाची बाई पुन्हा जागी झाली. असल्या निळ्या काठाच्या दस्त्या अकोल्याच्या बाजारात ढिगाने मिळतात. ते वाक्य वऱ्हाडातला कोणीही बोलेल. डावखुरी माणसंही जगात काही कमी नाहीत. कोणी दुसऱ्याच बाईसाठी जागा धरली असेल... पण मग ती बाई कुठे गेली? आणि तो माणूस? नईमभाईंना मी खोदून खोदून विचारलं. माझ्या नवऱ्याचं त्यांना काय माहीत असणार? एअरलाइनला ईमेल केला. उत्तर आलं, त्या सीटचे प्रवासी विमानात चढले नव्हते, आणि आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद.

परतीचं तिकीटही स्वस्तातलंच होतं. पल्लवी सीटचे पैसे भरायला निघाली, मी भरू दिले नाहीत. प्रयोग पुन्हा करून पाहायचा तर परिस्थिती तीच हवी! विमानात शिरले आणि एकेक सीट पाहत गेले. दस्ती कुठेच नव्हती. मधल्या सीटवर बसून, शेजाऱ्याला उठवून उठवून, त्याच्या शिव्या खात घरी आले. या वेळी तिकडे माझी वाट पाहत अडलेलं कोणी नव्हतं, एवढाच काय तो फरक. हा निष्कर्ष धरायचा का? मला ठरवता येत नाही.

मंगेशला सगळं सांगितलं. त्याने दस्ती हातात घेतली. मग म्हणाला, "आई, मी त्या दिवशी बोललो, ते ऐकलं वाटते बाबानं." आणि हा घोडा माझ्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडला.

परवा भावाकडे अकोल्याला निघाले. एसटीत गर्दी बेताचीच. खिडकीशी बसले आणि काय वाटलं कोण जाणे, ती दस्ती काढून शेजारच्या सीटवर ठेवली. बडनेऱ्याला बस भरली, त्यात एक बाई चढली. तिने दस्तीकडे पाहिलं आणि विचारलं, "काकू, कोणी येऊन राहिलं का इथं?"

आयुष्यभर मी पोरींना सांगत आले, उत्तर माहीत नसेल तर सरळ माहीत नाही म्हणायचं. त्या बाईला मात्र मला तसं म्हणवेना. मी दस्ती उचलून मांडीवर घेतली, तिला बसायला जागा दिली, आणि मूर्तिजापूर येईपर्यंत दांडी धरून उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे पाहत राहिले.