कोर्लईच्या खडकावर माझे रबरी मासे

मंदारने त्याच्या मित्राबरोबर, सुदामबरोबर, कोर्लईला मासे पकडायला जायचं ठरवलं, तेव्हा मीही येणार असं मी जाहीर करून टाकलं. "तू काय करणार तिथे उन्हात?" नवऱ्याचा प्रश्न. मी म्हटलं, "बघणार." काय बघणार, हे विचारायची तसदी त्याने घेतली नाही. तुम्हाला सांगते.

गळाला लावायला मऊ प्लास्टिकचे खोटे मासे मिळतात. लुअर म्हणतात त्यांना. बोटाएवढे, रबरासारखे लवलवते. खडकावर उभं राहून ते लांब फेकायचे आणि रीळ फिरवत ओढायचे, की जिताड्यासारख्या मोठ्या माशाला वाटतं खरंच काहीतरी पोहतंय. पनवेलच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून हे मासे मी रंगवते. कोरे आणायचे, पाठ हिरवी करायची, पोट चंदेरी. जुन्या मच्छरदाणीचा तुकडा अंगावर ताणून स्पंजने रंग टिपला की झकास खवले उमटतात. सगळ्यात शेवटी डोळे. माझं माहेर पेणचं, घरचा गणपतींचा कारखाना. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी वाटेल तो करत नाही, त्याला ठरलेला हात लागतो. आमच्याकडे तो माझा होता. आता तोच हात माशांच्या डोळ्यांवर चालतो. हसा खुशाल.

आणि मंदार जगाला सांगतो, "मी घरीच रंगवतो." गॅलरीत माझं डोकं दुखेपर्यंत रंगाचा वास मी घ्यायचा, आणि वाहवा याची! मला एकदाच, चारचौघांत, त्याच्या तोंडून ऐकायचं होतं, की हे हिने रंगवलेत. सोन्याच्या बांगड्या नव्हत्या मागितल्या.

तर उजाडायच्या आत निघालो. सुदामला शिरढोणला गाडीत घेतलं. तो तिथलाच, खाडीत पोहत वाढलेला. पेण आलं तेव्हा मी म्हटलं, पाच मिनिटं कारखान्यावर डोकावू, दादा असेल. "भरती चुकेल गं," मंदार म्हणाला. मग वडखळला वडापाव आणि दोन-दोन चहा होईपर्यंत भरती बरी थांबली होती! तुम्ही जाणार असाल तर नाश्ता तिथेच उरका, पुढे इतक्या सकाळी काही उघडं नसतं. वडखळहून उजवीकडे अलिबागचा रस्ता धरायचा. अलिबाग सोडलं की चौलपासून रस्ता अरुंद होतो, दोन्हीकडे नारळी-पोफळीच्या वाड्या, समोरून एसटी आली की गाडी पार कुंपणाला टेकवावी लागते. रेवदंड्याचा पूल ओलांडताना खाली खाडी समुद्राला मिळताना दिसते. खरंच सुंदर जागा आहे. माझा मूड वाईट होता म्हणून जागेला नावं ठेवणार नाही.

वडखळलाच मंदारने एक उद्योग केला. मी एकेक मासा वेगळ्या पिशवीत घालून दिला होता. या रंगांचं असंच असतं, मऊ प्लास्टिक एकमेकांना चिकटून गरम झालं की एकाचा रंग दुसऱ्यात उतरतो. याने सगळे बाहेर काढून एका डब्यात ओळीने मांडले. का, तर झाकण उघडलं की सुदामने एका नजरेत बघावेत.

"आयला, डोले काय काढलेस रे!" सुदाम म्हणाला. "जित्ता हाय असा वाटतंय."

"सवय झाली आता," मंदार म्हणाला. हो, असंच म्हणाला. मी शेजारी बसून वडापाव खात होते.

मी म्हटलं, "पिशव्यांत घाल परत." तर म्हणे, "असू दे गं, काही होत नाही." डबा गेला मागच्या काचेखाली, उन्हात.

कोर्लईच्या किल्ल्याखालच्या खडकांवर पोचलो. पायात चांगली पकड असलेले बूट हवेत, शेवाळ फार. मंदारने ऐटीत डबा उघडला. आत चिखल! हिरवं चंदेरीत उतरलेलं, लाल पांढऱ्यात, पोटं काळपट, डोळे फरफटून गालांवर आलेले. सगळे मासे एकमेकांना चिकटून बसलेले.

सुदाम वाकून बघायला लागला. मंदारचं तोंड लाल झालं. आणि मग तो म्हणाला, "हिने रंगवलेत ना! हिला सांगितलं होतं, पक्का रंग लाव."

ऐकलंत? आलं ते वाक्य. शब्दही तेच.

"मगाशी तं तूच रंगवलंस बोल्लास," सुदाम म्हणाला.

"म्हणजे... डिझाइन माझं."

सुदामने माझ्याकडे पाहिलं. "वयनी, तुमी काडलेले डोले?" मी मान डोलावली. तो आपल्या रॉडला साधा कोळंबीचा तुकडा लावायला लागला. मला रडायला आलं, पण मंदारसमोर तिथे रडायचं नव्हतं. मी किल्ल्यावर चढून गेले. वरून एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र दिसतो. अर्धा तास पुरतो, पाणी बरोबर न्या. दुपारी गावात एका घरी जेवलो. बांगड्याचं कालवण, तांदळाची भाकरी, पोटभर आणि स्वस्त. मासा कुणालाच लागला नाही. परतीच्या वाटेवर पेण आलं, तेव्हा मंदारनेच विचारलं, "थांबायचं का गं दादाकडे?" मी म्हटलं, "नको."

घरी येऊन आठवडा झाला. काय उरलं म्हणाल, तर किल्ल्यावरचा वारा आणि ते एक वाक्य. पुढच्या रविवारसाठी मंदारने मासे रंगवून मागितले, तेव्हा मी साफ नाही म्हणून सांगितलं. मग साहेब स्वतः बाजारात गेले आणि दाराखिडक्यांना लावतात तो ऑइल पेंट घेऊन आले. काल दिवसभर गॅलरीत बसून रंगवले. मन लावून, जीभ बाहेर काढून. या मऊ प्लास्टिकवर तो रंग धरत नाही. महिनाभर वाळत ठेवा, चिकटच राहतो. त्याला विनाइलचाच रंग लागतो, आणि ती बाटली माझ्या कपाटात आहे.

आज सकाळी त्याने एका माशाला बोट लावून पाहिलं. बोटाला हिरवा रंग आला.

"वाळेल ना गं उद्यापर्यंत?"

"वाळेल की," मी म्हटलं.