इमारतीच्या पोटातून गेलेली वाट

मुकादमीण दुसरा भाव सांगत नसे. तिला दोनदा विचारा, दहादा विचारा, पहिल्यांदा तोंडातून जे निघालं तेच शेवटपर्यंत. माझा सगळा जन्म घासाघीस करण्यात गेला. मालवणहून आलो तेव्हा लालबागला एका खोलीत अकरा जणांत झोपायचो. रे रोडच्या लाकडाच्या वखारीत फळ्या उचलता उचलता भाव करायला शिकलो आणि त्याच जोरावर पुढे ती वखार घेतली. समोरचा माणूस किती खाली येईल, हे मला त्याच्या मानेवरून कळायचं. या बाईची मान हलतच नसे. इतक्या वर्षांनी लिहायला बसलो आहे, तरी डोकं तापलं आहे.

बंदरावर धान्याच्या बोटी लागत, पोती फुटत. सांडलेलं धान्य झाडून, चाळून पुन्हा भरणाऱ्या तीस बायांची एक टोळी होती. तिची ही मुकादमीण. ठेंगणी, काळीसावळी, गळ्यात दोरीला बांधलेली पितळी शिट्टी. राहायची नायगावच्या चाळीत. वडाळ्याला गाडी धरून तीस बाया रे रोडला उतरत आणि माझ्या वखारीच्या मधून सरळ बंदर गाठत. मी तिथे हमाल होतो तेव्हाही त्या तिथूनच जात होत्या. तेव्हा मला त्यात काही वाटलं नव्हतं, कारण तेव्हा जागा माझी नव्हती.

पुढे कोटात, म्हणजे फोर्टात, कचेऱ्यांना जागा पुरेना. बोटींचा माल सोडवून देणाऱ्या कंपन्या बंदराकडे बघू लागल्या. माझी जागा म्हणजे पुढे स्टेशन, मागे बोटींचा धक्का. मी अर्धी वखार मोडून तीन मजली इमारतीचा नकाशा काढला आणि उरलेल्या वखारीभोवती कुंपण घालून वाटेवर फाटक बसवलं. कोटातली एक कंपनी अख्खा तळमजला घ्यायला तयार झाली. तिची अट एकच होती, बायांची ही पायवाट बंद झाली पाहिजे. त्यांच्या साहेबाला कारकुनांच्या टेबलांसमोरून टोपल्या घेतलेल्या बाया जायला नको होत्या. मला अट रास्त वाटली. तळमजला एकदम गेला की वरचे दोन मजले मी कर्ज न काढता बांधणार होतो.

"पुढच्या महिन्यापासून रेल्वेच्या फाटकाकडून वळसा घालून जा," मी तिला सांगितलं.

"केवढा वळसा?"

"असेल वीस मिनिटांचा."

"सातच्या भोंग्याला हजेरी हाय, मालक. मागं राहील तिला त्या दिवशी काम न्हाई. भोंगा थांबवता का वीस मिनिटं?"

"बायांना लवकर निघायला सांग."

"आन् त्यांची पोरं तुम्ही उठवता?"

मी चिडलो, पण धंद्यातला माणूस. टोळीला बसायला पत्र्याची शेड देतो म्हणालो. नळ देतो म्हणालो. तिच्या मुलाला इमारतीत शिपाई करतो म्हणालो. शेवटी, सकाळी एक तास फाटक उघडं ठेवतो, इथपर्यंत आलो. प्रत्येक वेळी तिचं उत्तर, "वाट पायजे." शेवटी माझी मालवणी बाहेर पडली. "तुका काय व्हया ता एकदाच सांग गो बाये!" ती शांतपणे म्हणाली, "एकदाच तर सांगितलंय."

त्याच सुमारास तिने धम्म घेतला. पांढरं लुगडं नेसून टोळीला पेढे वाटत आली, एक मलाही दिला. मी म्हटलं, "आता तरी शांत होशील."

"झाले की. म्हणून पेढा देते. न्हाईतर फाटक उपटलं असतं."

माझ्या वकिलाने मग उपाय काढला. वर्षातून एक दिवस फाटकाला कुलूप लावा, खासगी रस्त्याची पाटी अडकवा, फोटो काढून ठेवा. वाट लोकांच्या हक्काची नाही, तुमच्या परवानगीची आहे, असं दाखवता येईल. प्रश्न एवढाच होता की कुठला दिवस? कुठल्याही साध्या दिवशी तीस बाया खराटे घेऊन फाटकावर आल्या असत्या. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. हरताळ पुकारला की गिरण्या, बंदर, बाजार सगळं ठप्प. मी हरताळाचाच दिवस धरला. कोणी येणार नाही, कोणी अडवणार नाही. ही युक्ती मला इतकी आवडली, की मी ती घरातही कोणाला सांगितली नाही.

फोटोवालाही हरताळावर होता. दुप्पट मागत होता, दीडपटीवर आणला. फाटकाला कुलूप घातलं, पाटी लावली. तेवढ्यात लांबून घोषणा ऐकू आल्या. वखारीतल्या माझ्या कचेरीला नुकत्याच काचा बसल्या होत्या. पोरांनी दगड टाकले तर कोण भरून देणार? मी आदल्या दिवशीच एक कापड रंगवून घेतलं होतं, 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'. ते फाटकावर ताणून बांधलं, शेजारी उभा राहिलो, टोपी सरळ केली आणि फोटो काढून घेतला.

टोळीची तक्रार पालिकेत नकाशा मंजूर करणाऱ्या साहेबांपर्यंत गेली आणि ते जागेवर चौकशीला आले. त्यांना खुर्ची दिली. एका बाजूला मी आणि वकील, दुसऱ्या बाजूला तीस बाया, आणि तमाशा बघायला लालबागचे माझे ओळखीचे गिरणी कामगार. वकिलाने फोटो पुढे केला. साहेबांनी तो पाहून मुकादमिणीच्या हातात दिला. तिला वाचता येत नव्हतं, पण मोर्चांतली असली कापडं तिने पुष्कळ पाहिली होती. तिने फोटो लांब धरला, जवळ धरला.

"साहेब, ह्यो हरताळाचा दिवस. हे कापड बघा की. ह्या दिवशी आमीबी कामावर न्हवतो, कुणीच न्हवतं. सगळ्यांनी आपापलं बंद ठेवलं, मालकांनी फाटक बंद ठेवलं. आपला माणूस हाय."

मागून कोणीतरी टाळी वाजवली. साहेबांनी मला विचारलं, "फाटक मालकी दाखवायला बंद केलंत, की हरताळ म्हणून?"

वकील माझ्या कोपराला ढोसत होता. मी तोंड उघडलं आणि समोर बघितलं. टोळीत एक तरुण बाई उभी होती. तिचा भाऊ याच चळवळीच्या मोर्चात गोळी लागून गेला होता. त्याच्या अंत्ययात्रेला मीही गेलो होतो. तीही माझ्याकडे बघत होती, रागाने नाही, नुसतीच. हरताळाच्या दिवसाचा मी काय उपयोग केला होता, हे तिच्यासमोर कसं सांगायचं?

"हरताळ म्हणून," मी म्हणालो.

वकिलाने फाईल मिटली; वाट माझ्या परवानगीची असल्याचा एकुलता पुरावा मीच घालवला होता. नकाशा बदलला. माझ्या तळमजल्याच्या मधोमध आठ फूट रुंदीची वाट सोडावी लागली. कोटातली कंपनी निघून गेली. दोन बाजूंच्या दोन तुकड्यांत मी टायपिंगचा क्लास आणि किरकोळ कचेऱ्या घातल्या, आणि वरचे मजले कर्ज काढून बांधले. स्टेशनवरून येणारे कारकून म्हणतात, मधली वाट फार सोयीची आहे. त्यांनी माझ्यासमोर म्हणू नये.

दुसऱ्या दिवशी मी तिला गाठलं. "तुला ठाऊक होतं ना, मी फाटक कशाला लावलं ते?"

"मी फोटोत होतं ते सांगितलं. तुमच्या पोटातलं साहेबांनी विचारलं, मी न्हाई."

महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा लालबागच्या आमच्या मंडळाने मला व्यासपीठावर बोलावून हार घातला, हरताळात फाटक बंद ठेवणारा मालक म्हणून. पहिल्या रांगेत मुकादमीण. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या तरी तिची चालूच होती.

पुढची सात-आठ वर्षं रोज सकाळी कटकट. "मालक, वाटेत दिवा लावा." "मालक, पाणी साचतंय." मी खेकसायचो, तुझ्यामुळे माझं वाटोळं झालं म्हणायचो. ती म्हणायची, "झालं असंल. पण दिवा लावा." दिवा लावला. उतारही काढून घेतला.

धान्याच्या धुळीने तिच्या छातीत दम बसला. एका सकाळी ती टोळीच्या मागून, हळूहळू आली. बरोबर दुसरी एक बाई. शिट्टी त्या बाईच्या गळ्यात होती.

"ही उद्यापासून टोळी बघंल. हिच्याशी नीट भांडत जा."

"आणि तू?"

"गावाला. वाईकडं बहीण हाय."

"बरं झालं. सुटलो मी."

ती हसली, हसता हसता खोकली, आणि भिंतीला हात लावत बंदराकडे गेली. त्यानंतरचा पावसाळा तिने काढला नाही, असं टोळीतल्या बायांकडून कळलं.

नवी मुकादमीण भली होती. पहिल्याच आठवड्यात वाटेत आडव्या ठेवलेल्या टोपल्यांवरून मी तिच्यावर ओरडलो. तिने लगेच टोपल्या उचलायला लावल्या आणि "बरं साहेब" म्हणाली. ती आणखी काही बोलेल म्हणून मी तिथे बराच वेळ उभा राहिलो.