आपल्या माणसाचा जॉब

सुधीर, भोपाळ स्टेशनवरची ती सकाळ तुला आठवत असेल. तू तेव्हा बारावीत होतास. मी अमेरिकेला निघालो होतो, दिल्लीची गाडी चाळीस मिनिटं लेट होती आणि आपली आई तिसऱ्यांदा सांगत होती, "पोचल्याची तार कर." अप्पांनी मात्र माझ्या कागदांना हातही लावला नाही. सगळी नोकरी कारखान्याच्या इन्स्पेक्शनमध्ये काढलेला माणूस. तपासायला आलेला प्रत्येक भाग म्हणजे त्यांचा 'जॉब'; शाफ्टवरची केसाएवढी चीर त्यांच्या नजरेतून सुटत नसे. पण माझा पासपोर्ट आणि तिकीट त्यांनी शेजारच्या तिवारीजींच्या हातात दिलं.

"आप देख लीजिए. अपने घर का जॉब मैं पास नहीं करता."

"अरे देशपांडेजी, लड़का है, शाफ्ट नहीं!" तिवारीजी हसले, पण चष्मा लावून त्यांनी पान न् पान पाहिलं.

मला ते लागलं. मुलगा इतका लांब चाललाय आणि बापाला कागद पाहावेसे वाटत नाहीत! झाशी येईपर्यंत मी तेच उगाळत बसलो.

टेक्सासमध्ये मीही पंपांच्या कंपनीत क्वालिटीचंच काम धरलं. तिकडे पिपलानीच्या आपल्या कॉलनीत कारखान्याचा भोंगा झाला की पंधरा मिनिटांत अप्पांची सायकल दारात लागायची. इथे गॅरेजचं दार वर गेल्याशिवाय कोण घरी आलं ते कळत नाही. एकाहत्तरच्या लढाईत आपण क्वार्टरच्या काचांना काळे कागद चिकटवले होते. चौदा काचा, मी मोजल्या होत्या. विमान म्हणजे वरून येणारी भीती, एवढंच तेव्हा ठाऊक होतं. आता अमेरिकेची दूरदेशी लढाईची वर्षं चालू आहेत. हवाई दलात वैमानिक कमी पडताहेत, ट्रेनिंगच्या तुकड्या मोठ्या होताहेत. त्यातल्या एका तुकडीत माझी लेक मुक्ता दाखल झाली.

मला झोप लागेना. मी विमान अपघातांचे जुने अहवाल गोळा करून एक तक्ता केला: कुठल्या टप्प्यावर, कसल्या हवेत, किती तासांच्या अनुभवावर. तो तिला ईमेल केला. संध्याकाळी तिचा फोन आला.

"बाबा, यात मी कुठल्या ओळीत आहे?"

त्यानंतर सहा आठवडे तिचा फोन नव्हता.

ट्रेनिंग संपवून, तिकडे लढाईवर जाण्याआधी, ती चार दिवस घरी आली. तक्त्याचा विषय दोघांनीही काढला नाही. तिसऱ्या दिवशी वरण-भात जेवताना माझ्याच्यानं राहवलं नाही. "तुला पास कोणी केलं? शिकवणाऱ्यानंच ना?"

"तो कसा करेल? शिकवतो एक, चेक राइडला शेजारी बसून परीक्षा घेतो दुसराच. आपला स्टुडंट असला की नजर बिघडते, बाबा. असलेली चूक दिसत नाही, नाहीतर नसलेली दिसायला लागते."

तक्त्यातल्या ओळीन् ओळीत मला तीच दिसत होती. मी तिला स्टेशनवरची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे आजोबांना माहीत होतं." मग ताटातलं लोणचं माझ्याकडे सरकवत म्हणाली, "आणि तुम्ही मला एक्सेल पाठवत होता!"

निघायच्या सकाळी तिची बॅग हॉलमध्ये उघडी होती. मी शेजारच्या डेव्हला हाक मारली. त्याने तिच्या ऑर्डरचे कागद चष्मा लावून वाचले, यादीप्रमाणे सामान पाहिलं. मी बाहेर ड्राइव्हवेवर खिशात हात घालून उभा होतो. टॅक्सी वळताना तोंडातून निघालं ते आईचंच: "पोचलीस की मेसेज कर."

तू एकदा सांगितलं होतंस, माझी गाडी गेल्यावर पिपलानीपर्यंतच्या टेम्पोत अप्पांनी तिवारीजींना तीनदा विचारलं होतं, "सब ठीक था ना?" तेव्हा मी हसलो होतो. काल डेव्ह घरी निघाला तेव्हा मी त्याला विचारलं, सगळं बरोबर होतं ना? त्याच्या दारापर्यंत जाताना आणखी दोनदा विचारलं.

गेल्या पत्रात तू विचारलंस, आता घर कशाला म्हणतोस, भोपाळला की टेक्सासला. सुधीर, भोंग्याकडे कान लावून आई ज्या ओट्यापाशी उभी असायची, ते घर. आज इथे ओट्यावर फोन ठेवलाय आणि मी त्याच्याजवळ उभा आहे. तिला निघून एकोणीस तास झाले. अजून मेसेज नाही.