बिननिळीचा साचा

माहितीपुस्तिकेत आमच्या कॉलेजचा इतिहास दोन परिच्छेदांत उरकलाय. मी सांगते तो जरा खरा. पेठेतल्या एका शाळेच्या दोन खोल्यांत आधी कलाशिक्षकांचा अभ्यासक्रम सुरू झाला, मग रंगकला, मग पोट भरणारी उपयोजित कला, आणि सगळ्यांची सोय लावून झाल्यावर, सायकल स्टँडच्या पत्र्याखाली, शिल्पकला. पुढे बाकीचे वरच्या मजल्यावर गेले, त्यांना पंखे मिळाले, कंप्युटर मिळाले. आम्ही पत्र्याखालीच. मी तिथंच शिकले आणि तिथंच शिकवते, त्यामुळे माझ्याकडून समतोल मताची अपेक्षा ठेवू नये.

त्या वर्षी माझ्याकडे चौघंच होते आणि चौघंही शेवटच्या वर्षाचे. खालच्या वर्गांना एकही प्रवेश नाही. प्राचार्यांनी बोलावून चहा पाजला तेव्हाच मी काय ते ओळखलं. पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेत शिल्पकला नसेल, असं ते टेबलाकडे बघत म्हणाले. वार्षिक प्रदर्शनाला संस्थेचे अध्यक्ष येणार आहेत, त्यांचं मत बदलता आलं तर बघा. मी म्हटलं, बघते की. हा नुसता वरचा तोरा. माझं सगळं आयुष्य त्या पत्र्याखाली गेलंय हो.

ठरवलं, अध्यक्षांसमोर साचा फोडायचा. काम असं असतं: मातीच्या चेहऱ्यावर प्लास्टरचा साचा चढवायचा, आतली माती काढून टाकायची, चिकटू नये म्हणून पोकळीत साबणाचं पाणी फिरवून पुन्हा प्लास्टर ओतायचं, आणि ते घट्ट झालं की बाहेरचा साचा छिन्नीनं फोडायचा. साचाही पांढरा, आतला चेहराही पांढरा. म्हणून साच्याच्या पहिल्या पातळ थरात कपड्यांची नीळ कालवतात. फोडताना निळं दिसलं की हात आखडता घ्यायचा, चेहरा जवळ आला.

चेहरा निवडला तो चौघांतल्या हिंजवडीच्या मुलीनं केलेला. त्यांचं शेत होतं तिथं आता काचेची ऑफिसं उभी आहेत आणि तिचे वडील त्यातल्याच एका फाटकावर सिक्युरिटीत आहेत. पोरगी अशा एखाद्या ऑफिसात बसेल म्हणून त्यांनी वाट पाहिली, आणि ही बसली चिखलात हात घालून, हा त्यांचा राग. तरी तिनं त्यांनाच समोर बसवून त्यांचा चेहरा मातीत घडवला. तीन महिने ते दर रविवारी आले, स्टुलावर बसले आणि अवाक्षर बोलले नाहीत.

तिनं साचा घेतला त्याच्या आदल्या दिवशी वर्गातल्या एकानं मूठभर नीळ ओतून आपला पुतळा निळाशार काढला होता. माझं डोकं फिरलं. निळीचा डबा परत कुणाच्या हातात दिसला तर गाठ माझ्याशी आहे, असं मी ओरडले. माझं तोंड हे असं.

प्रदर्शनाच्या दिवशी अध्यक्ष, प्राचार्य आणि पालक पत्र्याखाली दाटीवाटीनं उभे राहिले. मी छिन्नी लावली. पांढरं. आणखी ठोकलं. पांढरंच. आता निळं दिसायला हवं होतं. मुलगी माझ्या कानाशी आली.

"मॅडम, नीळ घातलीच नाही. डबा हातात दिसायला नको, असं तुम्हीच म्हणालात ना?"

पुढच्या घावाला नाक जाऊ शकत होतं, आणि नाकाबरोबर माझा विभाग. राग आला तो स्वतःचाच. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. मी छिन्नी तिच्या हातात दिली.

"चेहरा तू केलायस. तूच फोड."

तिनं मागं वळून वडिलांना पुढं बोलावलं आणि साच्याशेजारी स्टुलावर बसवलं. एक हात त्यांच्या कपाळावर ठेवला, बोटांनी भुवईचा उंचवटा चाचपला, तेवढंच अंतर साच्यावर मोजलं आणि ठोकलं. खपली सुटली. कपाळ. पुन्हा वडिलांचा गाल, पुन्हा घाव. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. त्यांच्या तोंडावर प्लास्टरची भुकटी बसत होती आणि ते हलले म्हणून नाहीत. नाकाशी तिनं सगळ्यात जास्त वेळ घेतला. नाक अख्खं निघालं. एका कानाची पाळी तेवढी उडाली, तेवढं चालतं.

टाळ्या पडल्या. अध्यक्ष त्या चेहऱ्याभोवती दोनदा फिरले, आणि मग पुणेरी कोरडेपणानं म्हणाले, "काम उत्तम आहे. पण बाई, विद्यार्थीच नसतील तर आपण विभाग चालवायचा कोणासाठी?"

मी खाली पडलेल्या खपल्या गोळा करायला लागले.

मुलीचे वडील रुमालानं तोंड पुसत उठले. आधी त्या पांढऱ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग अध्यक्षांकडे.

"फॉर्म कुठं मिळतो? धाकटी औंदा बारावी झाली. तिलाबी हितंच घालायची हाय."

अध्यक्ष प्राचार्यांना म्हणाले, "यांना फॉर्म द्या. शिल्पकलेचा."

शिपायाची वाट कोण बघतो? मीच ऑफिसकडे पळाले, या वयात दोन-दोन पायऱ्या गाळत, आणि जिन्यात उभं राहून ढसाढसा रडून घेतलं. परत आले तेव्हा मुलीच्या वडिलांनी खिशातलं पेन काढून हातात धरलं होतं.